तळच्या खणातलं लोखंड

मुकादमाला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आई हाक मारायची, ती जाऊन जमाना झाला. बायको होती तोवर तीसुद्धा चिडली की म्हणायची, “या मुकादम, ताट वाढलंय, पहार ठेवा आता.” निवृत्तीला चार वर्षं झाली, बायकोला जाऊन सात. तरी दूधवाल्यापासून खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीपर्यंत सगळ्यांचा तो मुकादमच.

त्याची टोळी आठ जणांची. काम एकच, अवजड यंत्रं हलवायची. ट्रकवरून उतरवायची, कारखान्याच्या दारातून आत न्यायची, जागेवर बसवायची. क्रेन पोचते तिथवर क्रेनचं काम. तिच्यापुढे मुकादमाची टोळी. चार पहारी, खाली सरकवायच्या लोखंडी नळ्या, लाकडी पाचरी, साखळीची एक कप्पी. बाकी सगळं पाठ, मांड्या आणि डोकं. “ताकद म्हशीलाही असते,” मुकादम म्हणायचा, “पण म्हशीला कुणी मुकादम करत नाही.”

यंत्र आलं की तो लगेच हात लावायचा नाही. आधी भोवती एक फेरी मारायचा. मग पहारीने एका अंगाने केसभर उचलून बघायचा, दुसऱ्या अंगाने केसभर. मग खिशातून खडू काढून यंत्राच्या अंगावर एक टिंब काढायचा. “इथे याचा जीव आहे.” जीव म्हणजे जिथे सगळं वजन गोळा झालेलं असतं ती जागा. ती कळली तर यंत्र आपलं, नाही कळली तर आपण यंत्राचे. भार जागेवर बसला की चारी बाजूंनी तळहाताचा एकेक धक्का. चौथा धक्का बसेपर्यंत कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही.

नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगायचा. वजन झोपत नाही, आपण झोपतो. आणि भार कुरकुरतोय तोवर भ्यायचं नाही, गप्प झाला की पळायचं.

चौतीस वर्षांत त्याच्या टोळीत एकच अपघात झाला. विजेचं एक उंच कपाट उचलायचं होतं, माणसापेक्षा हातभर उंच, आत तांब्याच्या पट्ट्या आणि बटणं. त्याच्या दाराच्या आतल्या अंगालाही जड सामान बसवलेलं. दार दोरीने बांधायचं काम ठेंगूकडे होतं. ठेंगू म्हणजे टोळीतला सगळ्यात उंच माणूस, म्हणून ठेंगू. मुकादमाने हात वर केला, कप्पीवरच्याने साखळी ओढली, कपाट टीचभर वर आलं आणि दार उघडलं. दाराबरोबर जीव पुढे गेला. कपाट ठेंगूच्या उजव्या पायावर आलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशीच्या कागदावर “कामगाराची बेपर्वाई” असं लिहिलं गेलं. मुकादमाची त्याच्याखाली सही आहे. त्यानंतर प्रत्येक नव्या माणसाला तो तिसरी गोष्ट सांगू लागला. “दार बांधा. ठेंगूने बांधलं नव्हतं.” निवृत्तीनंतरही, भेटेल त्याला, अशी अकरा वर्षं तो हे वाक्य सांगत आला. त्या अकरा वर्षांत तो ठेंगूच्या घरी मात्र एकदाही गेला नाही. ठेंगू तिसऱ्या मजल्यावर राहतो, मुकादमाचा गुडघा दुखतो, असं तो लेकीला सांगायचा. यंत्राबरोबर पाच पाच मजले चढलेला माणूस.

लेक त्याच्याजवळच राहायची. ती औषधांच्या कारखान्यात खोकी भरायच्या खात्यात होती, एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी. जावई गाळ काढणाऱ्या बोटीवर, सहा महिन्यांनी घरी. त्यांची मुलगी सहा वर्षांची. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला भिंगरी म्हणत. एक वाजता ती शाळेतून यायची आणि तिथून पुढे आजोबांच्या ताब्यात.

टीव्हीचं निघालं ते जावयामुळे. मागच्या खेपेला त्याने पोरीसाठी सीडींचा एक गठ्ठा आणला. समुद्रातले प्राणी, जंगलातले प्राणी, बोलणारी आगगाडी. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर मुकादमाच्या बातम्या चालायच्या, आणि त्याला जोडलेलं सीडीचं यंत्र कधीच मेलेलं.

“आजोबा, तुझी ती भांडणारी माणसं बंद कर ना,” भिंगरी म्हणायची.

“ती बातम्या देतायत.”

“मग ओरडतायत कशाला?”

मुकादम आवाज कमी करायचा. शेवटी लेक म्हणाली, “हिच्या खोलीत एक छोटा घेऊया. दुपारी जरा पडून तरी राहील.”

भिंगरीची खोली म्हणजे बोळच. एक पलंग आणि पायथ्याशी चार खणांचं कपाट, लेकीच्या छातीला लागेल एवढं उंच, वीतभर उंचीच्या चार पायांवर उभं. खोलीत प्लग लावायची जागा एकच, तीही त्या कपाटाच्या मागे. टीव्ही वेगळा, सीडीचं यंत्र वेगळं म्हटलं की दोन वायरी, वर तिसरी त्यांना जोडणारी. पोर वायरींशी खेळणार. म्हणून ठरलं की टीव्हीच्या पोटातच सीडीचं यंत्र असलेला घ्यायचा. एक वस्तू, एक वायर. इथवर मुकादमाचं डोकं बरोबर चाललं होतं.

दुकानात तिघंही गेले. विक्रेता गळ्यात पट्टी अडकवलेला, गोड बोलणारा. त्याने दोन टीव्ही दाखवले. एक नवा, चपटा, भिंतीवर लावायचा. त्याच्या बाजूला फट, तिच्यात सीडी सरकवायची. दुसरा जुन्या धाटणीचा, मागे मोठं कुबड, काचेखाली सीडीचा कप्पा. बटण दाबलं की कप्पा जीभ काढल्यासारखा बाहेर यायचा. भिंगरीने तो सात वेळा बाहेर काढला.

“काका, हा चपटा घ्या,” विक्रेता म्हणाला. “आमचा माणूस येऊन भिंतीत चार स्क्रू मारून देईल. विषय संपला.”

मुकादमाने चपटा टीव्ही दोन बोटांनी तोलला. “वजनच नाही याला.”

“हलका आहे हाच तर गुण, काका.”

“हलकं माणूस कुणाला आवडत नाही, हलका टीव्ही कसा आवडेल?”

मग तो दुसऱ्याकडे वळला. त्याच्याभोवती एक फेरी मारली. कडेला हात घालून केसभर उचलला, मागून केसभर उचलला, काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघत राहिली.

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “आपण टीव्ही बघायला आलोय, स्थळ नाही.”

“जीव पुढे आहे याचा,” मुकादम म्हणाला. “सगळं वजन काचेत. मागचं कुबड नुसतं फुगवलेलं.”

“टीव्हीची नाडी बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं,” विक्रेता हसला. “पण काका, खरं सांगतो, लहान मुलांच्या खोलीत हा नको. पंचवीस किलोचा आहे. चपटा भिंतीवर राहील, मुलांचा हात लागायचा नाही.”

विक्रेत्याने हे सरळ मनाने सांगितलं होतं. पडून राहिलेला जुना टीव्ही खपवण्यात त्याचा फायदा होता, तरी त्याने सांगितलं. पण मुकादमाला शिकवलेलं सोसायचं नाही.

“कुठल्या भिंतीवर?” तो म्हणाला. “आमच्या भिंती पोकळ विटांच्या आहेत. टिचकी मारली तर डबा वाजल्यासारखा आवाज येतो. ज्या भिंतीच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही तिच्यावर मी भार टांगत नाही. भार जमिनीवर उभा राहिला पाहिजे, स्वतःच्या वजनाने. जड वस्तू जागा सोडत नाही.”

लेकीला चपटा हवा होता. पण चौतीस वर्षं वजनांशी झुंजलेल्या माणसापुढे खोकी भरणारीने काय बोलायचं, असं तिला वाटलं असावं. कुबडवाला टीव्ही घरी आला.

मुकादमाने तो एकट्याने जिन्यावरून वर आणला. शिंपीण खालून ओरडली, “अहो मुकादम, कुणाला तरी हाक मारायची!” त्याने मान हलवली नाही. पायरीला एक श्वास, बावीस पायऱ्या, बावीस श्वास. वर आल्यावर भिंतीला टेकून उभा राहिला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी उचललं होतं.

मग त्याने काम सुरू केलं, आणि काम त्याने कधी अर्धवट केलं नाही. टीव्हीच्या बाजूला खडूने टिंब काढलं, जीव तिथे. ते टिंब कपाटाच्या बरोबर मध्यावर येईल असा टीव्ही मागे सरकवला. कपाट वरून जड झालं होतं, तेव्हा खालूनही जड करायला हवं. माळ्यावर त्याने जपून ठेवलेले रुळाचे दोन तुकडे होते, दहा दहा किलोचे, टोळीत ऐरणीसारखे वापरलेले. ते जुन्या घोंगडीत गुंडाळून त्याने तळच्या खणात ठेवले. तळाला वजन असलं की वस्तू पाय रोवून उभी राहते. हे कुणालाही पटेल.

एवढ्यावर थांबला असता तरी कदाचित निभावलं असतं. पण लोखंडाने तळचा खण जड झाला, कुरकुर करू लागला. मुकादमाला कुरकुरणारं काम आवडत नसे. शिवाय लेकीची तक्रार होतीच, या कपाटाचे खण अडकतात म्हणून. त्याने चारही खण बाहेर काढले, खालच्या पट्ट्यांना सुकी साबणवडी घासली, पुन्हा घासली. तासभर तेच. शेवटी वीस किलो लोखंड भरलेला खण दोन बोटांनी पुढे यायला लागला, आवाज न करता.

“काम असं हवं,” तो म्हणाला.

मग चार धक्के. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून. कपाट हललं नाही. सगळे खण बंद होते. यंत्रांना खण नसतात, त्यामुळे खण उघडून धक्का मारून बघायचं चौतीस वर्षांत कधी कारणच पडलं नव्हतं.

लेक दारात उभी राहून बघत होती. “बाबा, तरी मागून एखादी पट्टी मारून भिंतीला बांधा ना. तुम्हीच सगळ्यांना सांगता, दार बांधा, दार बांधा.”

“याला दार कुठे आहे?” मुकादम म्हणाला.

“नाकापेक्षा मोती जड झालाय, एवढंच म्हणते.”

“जड आहे म्हणूनच पडणार नाही.”

“आजोबांनी ठेवलाय ना, मग नाहीच पडणार,” भिंगरी पलंगावर उड्या मारत म्हणाली.

नियम एकच ठरला. सीडी आजोबाच घालणार. कप्पा भिंगरीच्या डोक्याच्या वर होता, तिला दिसतही नव्हता. पहिले पंधरा दिवस मुकादम हाकेसरशी जायचा. पण पोरीला एक सीडी दहा मिनिटं पुरायची. देवमासा पाण्यातून वर आला की तिला आगगाडी हवी, आगगाडी सुटली की पुन्हा देवमासा.

“आजोबा, चकती!” तो सीडीला चकती म्हणायचा, म्हणून तीही.

“आलो.”

“आजोबा, चकतीऽऽ!”

“अगं, मी माणूस आहे का कप्पी?”

गुडघा खरंच दुखू लागला होता. तो उठायला वेळ लावू लागला. त्याचं “आलो” आणि त्याचं येणं यांत अंतर पडत गेलं.

याच दिवसांत त्याला काही गोष्टी दिसल्या. एकदा तळचा खण बोटभर उघडा, घोंगडीचा कोपरा फटीत अडकलेला. त्याने पायाने लोटला, तो बिनआवाज आत गेला. दुसऱ्यांदा दुसऱ्या खणाच्या कडेवर धुळीत पाच बारीक ठसे दिसले, ओळीने, वाटाण्यांएवढे. त्याने फडक्याने पुसले आणि म्हणाला, “पाय धुऊन खोलीत जात जा.” तिसऱ्यांदा टीव्हीवरचं खडूचं टिंब मध्यापासून अंगठाभर पुढे आलेलं वाटलं. तो ते बघत थोडा वेळ उभा राहिला. भार हलला की आपण हलवला म्हणून हलतो किंवा कुणीतरी हलवला म्हणून, आपोआप हलत नाही, हे त्याला पाठ होतं. लेकीने पुसताना सरकवला असेल, असं म्हणून त्याने टीव्ही मागे ढकलला. चार धक्के मारले. खण बंद करून.

टोळीतल्या दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मुकादमाने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

त्या आठवड्यात लेकीची दुपारपाळी होती. तीन वाजले असतील. मुकादम स्वयंपाकघरात सुरीला धार लावत बसला होता. सहाणेवर एका बाजूने पन्नास वेळा घासायची, दुसऱ्या बाजूने पन्नास; एकेका घासण्याला तो घास म्हणायचा. मध्ये सोडलं तर धार वाकडी येते.

“आजोबा, चकती बदल!”

“आलो. वीस राहिलेत.”

“कसले वीस?”

“घास.”

“लवकर! देवमासा संपला!”

“आलो म्हटलं ना.”

एकतीस, बत्तीस. पोर स्वतःशी काही पुटपुटत होती. काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, पण आवाज आला नाही. आवाज न येण्याची सोय त्याने स्वतः केली होती. अडतीस, एकोणचाळीस. मग पुटपुटणं थांबलं.

चाळिसाव्या घासाला त्याचा हात थांबला. भिंगरी झोपेतसुद्धा बडबडायची. घरात कसलाही आवाज नव्हता. अंगाला कळलं ते डोक्याला कळायच्या आत. गप्प झालं होतं.

तो धावला नाही. धावणाऱ्या पावलांनी जमीन हलते. लांब टांगा टाकत तो खोलीच्या दाराशी पोचला.

तळचा खण पूर्ण बाहेर आलेला. त्याच्या वरचा अर्धा. भिंगरी तळच्या खणाच्या कडेवर, लोखंडाच्या अगदी शेजारी, दोन्ही पायांवर उभी. डाव्या हातात सीडी, उजव्या हाताने टीव्हीची वरची कड धरलेली. कपाटाचे मागचे दोन पाय जमिनीपासून चार बोटं वर. टीव्ही पुढे घसरलेला, खडूचं टिंब कपाटाच्या कडेच्या बाहेर. मागची वायर ताणून सरळ दोरी झाली होती. एवढा सगळा डोलारा त्या वायरीवर आणि पोरीच्या न हलण्यावर उभा होता. काचेवर निळं पाणी दिसत होतं.

“आजोबा,” ती अगदी हळू म्हणाली, “हा माझ्याकडे येतोय.”

भाराखालच्या माणसावर कधी ओरडायचं नसतं. ओरडलं की तो दचकतो, आणि दचकला की गेला. मुकादमाने आवाज खाली आणला.

“हो. येऊ दे त्याला. तू हलू नकोस. माझ्याकडे बघू नकोस, काचेतल्या पाण्याकडे बघ.”

“मी चकती टाकू का?”

“धरून ठेव. छान धरलीयेस.”

चार पावलं. शेवटच्या पावलाला भिंतीतून फट्‌ असा आवाज आला आणि वायरीचं टोक सुटलं. निळं पाणी विझलं. टीव्ही आला, आणि त्याच क्षणी मुकादमाचा उजवा खांदा त्याच्या काचेखाली गेला. डावा तळहात कपाटाच्या कडेवर. सगळं येऊन त्याच्यावर थांबलं. पंचवीस किलोचा टीव्ही, चाळीसेक किलोचं कपाट, वीस किलो लोखंड, अठरा किलोची पोर. पाठीत काहीतरी तुटल्यासारखी कळ आली. जिन्यावर मोजले तसे तो श्वास मोजत होता.

“आता टीव्ही सोड. माझा कान धर.”

तिने कान धरला, घट्ट.

“उजवा पाय खाली. जमीन लागली? डावा. आता कान सोड आणि खिडकीच्या अंगाने जा. मागे नाही. खिडकीकडून, भिंतीला धरून, दारात.”

“मागून जवळ आहे.”

“मागे जायचं नाही!” पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला. भार जिकडे पडणार तिकडे पळायचं नाही, बाजूला निघायचं. हे सहा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? पण ती त्या आवाजाला घाबरली आणि भिंतीला चिकटून दारात गेली.

मग त्याने गुडघ्याने तळचा खण आत लोटला. दुखऱ्याच गुडघ्याने. साबणामुळे तो एका धक्क्यात गेला, लोखंडासकट, आणि कपाट धाडकन मागे आपल्या चार पायांवर बसलं. टीव्ही मात्र बसला नाही. तो आता सगळाच्या सगळा मुकादमाच्या अंगावर होता. त्याने तो छातीवरून, पोटावरून, मांडीवरून खाली उतरवत आणला, जसा जिन्यावरून वर आणला होता तसाच. शेवटची वीतभर मांड्यांनी नाही म्हटलं. टीव्हीची कड त्याच्या डाव्या पायावर आली.

भिंगरी दारात सीडी धरून उभी होती. “आजोबा, तुझी बोटं खाली आहेत.”

“माहीत आहे,” मुकादम म्हणाला. “शिंपीणबाईंना बोलावून आण. जिना हळू उतर.”

डाव्या पायाची दोन बोटं मोडली. लेक दहानंतर घरी आली तोवर प्लास्टर झालं होतं आणि पोर झोपली होती. तिने कपाट बघितलं, कोपऱ्यातला टीव्ही बघितला, बापाचा पाय बघितला.

“कुणी उघडला खण?”

“तिने उघडला. उघडावा असा मी करून ठेवला होता,” मुकादम म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. लोखंड, साबण, धुळीतले ठसे, अंगठाभर सरकलेलं टिंब, चाळीस घास. काही गाळलं नाही. लेक ऐकत होती. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

ती वाकली, तळचा खण उघडला आणि घोंगडीतला रुळाचा पहिला तुकडा उचलला.

“राहू दे, मी नेतो सकाळी.”

“तुम्ही बसा,” ती म्हणाली. तुकडे तिने एक एक करून खाली नेले. तिच्या पावलांचा आवाज तो ऐकत राहिला. बावीस पायऱ्या, वर, पुन्हा बावीस. त्याच्याशी ती त्या आठवड्यात कामापुरतंच बोलली. सुतार आणून तिने कपाट पट्ट्यांनी भिंतीला बांधून घेतलं. पोकळ विटांत पकड घेणारे वेगळे स्क्रू मिळतात, सुतार म्हणाला. बाजारात कधीचे आहेत. टीव्ही तिने पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवला. तो चालत होता. भिंगरी मात्र त्याच्यासमोर बसताना हातभर मागे सरकून बसायची.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. दुसऱ्या दिवशी मुकादम काठी घेऊन बाहेर पडला आणि ठेंगूच्या घराचे तीन मजले चढला. मध्ये दोनदा बसला.

दार ठेंगूनेच उघडलं, कुबडीवर रेलून. अजूनही तो मुकादमापेक्षा वीतभर उंच. त्याने आधी काठी बघितली, मग पाय.

“कुणी खाल्ला?”

“टीव्हीने.”

“किती इंची?”

“एकवीस.”

“माझं कपाट सात फुटी होतं,” ठेंगू म्हणाला. “बस. चहा ठेवतो. साखर संपलीये, गोड बोलावं लागेल तुला.”

चहा होईपर्यंत मुकादमाने सगळं सांगितलं. ठेंगूने पातेल्यावरची नजर काढली नाही. एकदाच विचारलं, “पोरगी बाजूने निघाली ना? मागे नाही ना गेली?”

“बाजूने.”

“मग ठीक.”

कप पुढे आले. मुकादमाने कप उचलला नाही. “मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो, ठेंगूने दार बांधलं नव्हतं. बांधलंय की नाही ते बघायचं काम माझं होतं. मी न बघता हात वर केला. कागदावर सही केली. तेच सांगायला आलो.”

ठेंगूने चहाचा एक घोट घेतला. कुबडी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

“मी बांधतच होतो,” तो म्हणाला. “एक गाठ झाली होती. दुसरी मारत होतो तेव्हा तुझा हात वर गेला. दोरी माझ्या हातात होती, मुकादम. दवाखान्यात काढून घेतली त्यांनी.”

मुकादमाने कप बाजूला सरकवला.

“मग ओरडला का नाहीस?”

“तू हात वर केलास,” ठेंगू म्हणाला. “मला वाटलं, मुकादमाने केलाय म्हणजे बघूनच केला असणार. एक गाठ पुरत असेल.”

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला, भरलेला. आवाजावरूनच दोघांना ते कळलं. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या. मग दोघंही गप्प झाले, आणि खोलीत कसलाच आवाज उरला नाही.

गप्प झालं की पळायचं, या सवयीने मुकादमाचा हात काठीकडे गेला. त्याने काठी उचलली आणि भिंतीला लांब टेकवून ठेवली. मग तिथेच बसून राहिला.